वायरमन काम करून गेल्यावर दिवे लागेनासे झाले, तर: कोकणातल्या घरासाठी तपासणीचा क्रम

गणपतीच्या आधीच्या महिन्यात कोकणातल्या बहुतेक घरांत रंगकाम, डागडुजी आणि वायरिंग ही तिन्ही कामे एकदमच निघतात. ओटीवर नवा पंखा बसतो, पडवीत ट्यूब लागते, न्हाणीघरात गिझरसाठी वेगळी लाईन ओढली जाते. आणि वायरमन पुढच्या गावाला निघून गेल्यावर संध्याकाळी लक्षात येते की ज्याला कोणी हातही लावला नव्हता, तो माजघरातला दिवा लागत नाही. त्या दिवसांत वायरमन पुन्हा सापडणे म्हणजे नशिबाची गोष्ट असते. म्हणून गावच्या घरात नव्याने राहायला आलेल्या आणि वायरिंगची फारशी माहिती नसलेल्या माणसाला, बोर्डाचे झाकण न उघडता, दोष कुठे असावा हे कितपत शोधता येते ते येथे क्रमाने सांगितले आहे. बोर्ड उघडणे, तारा जोडणे आणि स्क्रू आवळणे हे काम परवानाधारक वायरमनचेच आहे.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करावी. कालपर्यंत चालणारे दिवे काम झाल्यावर बंद पडले असतील, तर दोष बहुतेक वेळा जिथे हात लागला तिथेच, किंवा तिथून पुढे जाणाऱ्या तारेत असतो. बल्ब नेमका त्याच दिवशी जाणे अशक्य नाही, पण तो संशय मनात पहिल्यांदा येतो म्हणून तो पहिला ठरत नाही. वायरमनने कोणते बोर्ड उघडले, कुठे छिद्र पाडले, कोणती जुनी लाईन तोडली किंवा पुढे वाढवली, हे घरातल्या माणसांना विचारून कागदावर लिहून काढावे. पुढचा निम्मा शोध या कागदावरच होतो.

हात लावण्यापूर्वी

टेस्टर (वीज असलेल्या जागी टोक लावले की आतला छोटा दिवा पेटतो ते स्क्रूड्रायव्हरसारखे साधन) घेऊन कोणत्याही छिद्रात घालण्याआधी पायांत कोरडी रबरी चप्पल असावी, हात कोरडे असावेत आणि जमीन ओली किंवा नुकतीच सारवलेली नसावी. पावसाळ्यात चिऱ्याची भिंतसुद्धा ओल धरते, त्यामुळे एका हाताने भिंतीला टेकून दुसऱ्या हाताने टेस्टर धरण्याची सवय टाळावी. बोर्डातून जळका वास येत असेल, चरचर ऐकू येत असेल किंवा बोर्ड हाताला गरम लागत असेल, तर पुढची कोणतीही तपासणी न करता मेन स्विच पाडावा आणि थेट वायरमनला बोलवावे. मीटरच्या सीलला आणि मीटरच्या आधीच्या तारांना कोणत्याही कारणाने हात लावू नये; तो भाग महावितरणचा आहे.

घरात इन्व्हर्टर असेल, तर मेन पाडल्याने सगळे घर मृत झाले असे कधीही समजू नये. मेन पडताच इन्व्हर्टर बॅटरीवर जातो आणि त्याच्या लाईनवरचे दिवे, पंखे आणि त्यांचे बोर्ड पूर्वीसारखेच जिवंत राहतात. बल्ब किंवा ट्यूब बदलायचीच असेल, तर मेन पाडून इन्व्हर्टरही बंद करावा आणि त्यानंतर त्या जागी टेस्टर लावून खात्री करावी. तो टेस्टर चालतो आहे याची परीक्षाही आधी एखाद्या चालू सॉकेटमध्ये करून घ्यावी, कारण बिघडलेला टेस्टर जिवंत तारेलाही मृत ठरवतो.

पहिली पायरी: नेमके काय बंद आहे

घरभर फिरून प्रत्येक बटण दाबून पाहावे आणि काय चालते, काय चालत नाही हे त्याच कागदावर लिहावे. मोबाईलचा चार्जर लावून सॉकेटही पाहावेत, कारण दिवा लागत नाही पण त्याच बोर्डावरचा चार्जर चालतो ही माहिती फार मोलाची असते. एकच दिवा बंद असेल तर दोष त्या दिव्याच्या बटणापासून होल्डरपर्यंतच्या लाईनीत असतो. एका बोर्डावरचे सगळेच बंद असेल तर त्या बोर्डाला येणारी फेज (वीज आणणारी तार) किंवा न्यूट्रल (परतीची तार) तुटलेला असतो. ओटी चालते पण माजघर, स्वयंपाकघर आणि मागची पडवी ओळीने बंद आहेत असे दिसले, तर चालणारा शेवटचा बोर्ड आणि बंद पडलेला पहिला बोर्ड यांच्यामध्ये शोध घ्यावा. आपल्याकडच्या बहुतेक घरांत तार एका बोर्डावरून दुसऱ्या बोर्डावर पुढे नेलेली असते, त्यामुळे मध्ये एक टोक सुटले की त्याच्या पुढचे सगळे घर अंधारात जाते आणि मागचे निर्धास्त चालू राहते.

शेजाऱ्याकडे दिवे आहेत का, हेही विचारून घ्यावे. आपल्याकडे काम झाले त्याच दिवशी गावात झाड पडून लाईन गेली असेल, तर उगाच वायरमनला दोष दिला जातो. पुरवठाच नसेल तर 1912 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

दुसरी पायरी: एमसीबी, आरसीसीबी आणि जुने फ्यूज

डीबी म्हणजे घरातल्या सगळ्या लाईनी जिथून वाटल्या जातात ती पेटी. तिच्यातला पडलेला एमसीबी, म्हणजे लाईनीतून जादा वीज ओढली गेली की आपोआप पडणारा स्विच, ओळखणे सोपे वाटते, पण काही एमसीबींचा खटका पूर्ण खाली न येता मध्येच अडकतो आणि लांबून तो चढलेला दिसतो. म्हणून प्रत्येक खटका आधी पूर्ण खाली ओढून मग वर करावा. तो पुन्हा लगेच पडला तर जोर लावून पुन्हा पुन्हा चढवू नये. त्या लाईनवरची सगळी बटणे बंद करावीत, सॉकेटमधले प्लग काढावेत आणि मग एकदाच चढवून पाहावे. आता तो टिकला, तर एकेक बटण चालू करत जावे. ज्या बटणाला एमसीबी पडेल, त्या दिव्याच्या किंवा पंख्याच्या जोडणीत शॉर्ट आहे, म्हणजे फेज आणि न्यूट्रल एकमेकांना थेट टेकले आहेत. सगळी बटणे बंद असूनही एमसीबी टिकत नसेल, तर दोष खुद्द तारेत किंवा बोर्डाच्या आत आहे. नवा पंखा, कपाट किंवा फ्रेम बसवताना ड्रिल भिंतीतल्या पाईपमधून आरपार गेले का, हे अशा वेळी पहिल्यांदा पाहावे.

आरसीसीबी हा विजेची गळती ओळखणारा स्विच वेगळ्या कारणाने पडतो. वीज जिथून जायला नको तिथून, म्हणजे ओल्या भिंतीतून, अर्थिंगच्या (सुरक्षेसाठी जमिनीत नेलेल्या) तारेतून किंवा माणसाच्या अंगातून गळू लागली की तो पडतो; घरांत सहसा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवतात. वायरिंगच्या कामानंतर त्याची जी कारणे आढळतात, त्यांतले एक म्हणजे नव्या दिव्याला फेज एका लाईनीची आणि न्यूट्रल दुसऱ्या लाईनीचा दिलेला असणे. आरसीसीबी घराच्या काही भागालाच असेल किंवा दोन वेगळे आरसीसीबी असतील, तर असा दिवा चालू करताच तो पडतो, आणि दिवा, बटण, तार यांपैकी कशातच दोष सापडत नाही. दुसरे कारण म्हणजे बोर्ड बंद करताना न्यूट्रलची तार अर्थिंगच्या तारेला टेकणे. सगळे एमसीबी पाडूनही आरसीसीबी टिकत नसेल, तर हा संशय घ्यावा; साधा एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. आरसीसीबीला वगळून थेट लाईन जोडून देतो, असे कोणी सुचवले तर ते ठामपणे नाकारावे.

जुन्या घरात डीबी नसून लाकडी फळीवर चिनी मातीचे किटकॅट फ्यूज असतात. मेन पाडल्यावर फ्यूज काढून त्यातली तार तुटली आहे का एवढेच पाहावे, आणि वायरच्या उरलेल्या तुकड्यातले तांब्याचे जाड धागे त्यात भरू नयेत. तसे केल्याने दिवे लागतात खरे, पण पुढच्या शॉर्टमध्ये फ्यूजऐवजी माळ्यावरची तार वितळते.

तिसरी पायरी: सॉकेटमध्ये टेस्टर लावून फेज आणि न्यूट्रल ओळखणे

सगळ्यांत अधिक माहिती हीच पायरी देते, म्हणून ती घाईने करू नये. बंद पडलेल्या दिव्याच्या बोर्डावर सॉकेट असेल तर त्याचे बटण चालू करावे आणि सॉकेटकडे समोरून पाहावे. अर्थिंगचे मोठे छिद्र वर असताना उजवीकडचे छिद्र फेजचे आणि डावीकडचे न्यूट्रलचे असते. काही नव्या सॉकेटांच्या खालच्या छिद्रांना आतून पडदे असतात. ते काडी किंवा खिळा घालून उघडू नयेत, त्याऐवजी प्लगसारखा लावायचा तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर बाजारात मिळतो तो वापरावा.

टेस्टर उजवीकडे पेटला आणि डावीकडे पेटला नाही, चार्जरही चालला, तर बोर्डापर्यंत सारे ठीक आहे. दोष बटणापासून दिव्यापर्यंतच्या भागात आहे आणि त्याचा विचार पुढच्या पायरीत येतो.

दोन्हीकडे पेटला नाही, तर बोर्डाला फेजच येत नाही. एमसीबी चढलेला असूनही असे होत असेल, तर मागच्या बोर्डातून येणारी फेजची तार सुटली असावी किंवा नीट आवळली गेली नसावी. घाईच्या कामात एक गोष्ट वारंवार होते: तारेचे वरचे प्लॅस्टिक पुरेसे न सोलता ती स्क्रूखाली दाबली जाते. तार ओढून पाहिली तर घट्ट लागते, पण स्क्रू तांब्यावर नसून प्लॅस्टिकवर बसलेला असतो. अशी जोडणी कधी एक दिवस चालते आणि मग बंद पडते.

दोन्हीकडे पेटला, तर नवखा माणूस गोंधळतो, कारण टेस्टर पेटतो म्हणजे लाईन आहे आणि लाईन आहे तर दिवा लागायला हवा, असे त्याला वाटते. प्रत्यक्षात येथे न्यूट्रल तुटलेला असतो. चालू राहिलेल्या एखाद्या बल्बमधून किंवा पंख्यातून फेज पलीकडे जाते, पण परतीची वाट नसल्याने ती न्यूट्रलच्या तारेतच अडकते आणि टेस्टरला तिथेही सापडते. खात्री करायची असेल तर त्या बोर्डावरची आणि पुढच्या खोल्यांतली सगळी बटणे बंद करावीत व प्लग काढावेत. डावीकडचा टेस्टर आता विझला, तर निदान पक्के झाले. वायरिंगच्या कामानंतर दिवे जाण्याच्या प्रकारांत माझ्या मते हाच सर्वांत दुर्लक्षित राहतो. बटणे फेजवर असल्यामुळे वायरमनचे लक्षही फेजवरच असते, आणि छताजवळच्या जॉइंट बॉक्समध्ये पिळून ठेवलेला न्यूट्रल नवी तार घालताना केव्हा निसटला हे त्याला कळतही नाही. हा बोर्ड बंद दिसला तरी जिवंत असतो, दिवा लागत नाही म्हणून तेथे बेफिकिरीने हात घालू नये.

उजवीकडे न पेटता फक्त डावीकडे पेटला, तर फेज आणि न्यूट्रल यांची अदलाबदल झाली आहे. या स्थितीत दिवे लागतात, म्हणून कोणी तक्रार करत नाही. पण बटण न्यूट्रल तोडते आणि होल्डरला फेज कायम राहते, म्हणून बटण बंद करून बल्ब बदलणाऱ्याला शॉक बसू शकतो. बंद केलेला एलईडी बल्ब रात्री मंद मिणमिणत राहिला, तर ही अदलाबदल झाली असण्याची शक्यता ध्यानात घ्यावी. मात्र बटणात छोटा इंडिकेटर (खुणेचा दिवा) असला तरी असेच होते.

टेस्टरच्या मर्यादाही लक्षात असाव्यात. शेजारून जाणाऱ्या जिवंत तारेमुळे मृत तारेवरही तो मंद पेटतो. डिजिटल मल्टिमीटर असेल तर फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये 230 व्होल्टच्या आसपास आकडा दिसायला हवा. 60 किंवा 80 असा आकडा दिसला तर तो बहुधा नुसता भास असतो, पुरवठा नव्हे.

चौथी पायरी: एकच दिवा लागत नसेल तर

आता बल्ब बदलून पाहावा, आणि चालत असलेल्या दिव्याचाच बल्ब लावून पाहावा. दुकानातून आणलेला नवा बल्बही सदोष असू शकतो. पिनच्या होल्डरमध्ये दोन स्प्रिंगच्या टाचण्या असतात. रंगकामात त्यांवर रंग साचतो किंवा त्या आत दबून राहतात आणि बल्बला टेकत नाहीत. असा होल्डर खरवडत बसण्यापेक्षा वायरमनकडून बदलून घेणे स्वस्तात पडते. बटणातही रंग झिरपतो. दाबल्यावर खटका नीट वाजत नसेल किंवा बटण अर्धवट परत येत असेल, तर दोष तिथेच आहे.

जिन्याच्या दिव्याला वर आणि खाली अशी दोन टू-वे बटणे असतात. कामानंतर तो दिवा एका बटणाच्या ठराविक स्थितीतच लागत असेल, तर बल्ब, एमसीबी काही तपासू नये. वायरमनने बटण बदलताना मधली कॉमन तार आणि बाजूच्या दोन तारा यांची जागा बदलली आहे. त्याला एवढे एक वाक्य सांगितले की तो समजतो.

नवा दिवा जोडल्यावर जुना आणि नवा असे दोन्ही मंद जळत असतील किंवा एलईडी लुकलुकत असतील, तर ते एकामागोमाग एक, म्हणजे सिरीजमध्ये जोडले गेले आहेत.

इन्व्हर्टरच्या लाईनीवरचे दिवे

3 जून 2020 रोजी श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलेल्या निसर्ग वादळानंतर रायगडात आणि रत्नागिरीच्या उत्तर भागात कित्येक गावे बरेच दिवस विजेविना होती. तो काळ पाहिलेल्या घरांत आज सहसा इन्व्हर्टर असतोच, आणि वायरिंगच्या कामात गोंधळ होण्याची ती एक नवी जागा झाली आहे. पंख्यासह काही ठराविक दिवेच बंद असतील आणि ते सगळे इन्व्हर्टरवरचे असतील, तर इन्व्हर्टर चालू आहे का, त्याच्या पाठीमागचा फ्यूज किंवा खटका पडला आहे का, ओव्हरलोडचा दिवा पेटला आहे का, हे आधी पाहावे.

एक प्रकार तर हमखास फसवणारा आहे. वायरमन काम करताना इन्व्हर्टरचा भिंतीतला प्लग काढतो किंवा त्याला येणाऱ्या लाईनीचा एमसीबी पाडतो, आणि जाताना तो पूर्ववत करायचे राहून जाते. दिवे संध्याकाळभर छान चालतात, कारण ते बॅटरीवर असतात. रात्री केव्हातरी बॅटरी उतरते आणि सकाळी अर्धे घर बंद असते. तोपर्यंत कालच्या कामाशी त्याचा संबंध कोणाच्या डोक्यातही येत नाही. इन्व्हर्टरवर मेन्सचा दिवा लागलेला नसेल आणि बाकी घरात वीज असेल, तर हेच कारण. उलट, नवा गिझर किंवा इस्त्रीचा सॉकेट चुकून इन्व्हर्टरच्या लाईनीवर गेला, तर वीज गेल्यावर तो वापरताच इन्व्हर्टर ओव्हरलोड होऊन सगळे दिवे घालवतो.

खारी हवा, जुनी पट्टी आणि चिऱ्याच्या भिंती

समुद्राजवळच्या घरांत तांब्याची उघडी टोके काळी-हिरवी पडतात आणि स्क्रूंना गंज चढतो. जोपर्यंत जोडणी हलत नाही तोपर्यंत ती कशीबशी चालते. शेजारी नवी तार जोडण्यासाठी बोर्ड एकदा उघडून बंद केला की तेवढ्या हलण्यानेही ती दगा देते. जुन्या घरांत अॅल्युमिनिअमची तार असेल आणि तिला नवी तांब्याची तार नुसती पिळून, वर चिकटपट्टी लावून जोडली असेल, तर दमट खाऱ्या हवेत तो जोड गंजतो, तापतो आणि अखेर तुटतो. असा जोड योग्य कनेक्टर वापरूनच करायला वायरमनला सांगावे. माळ्यावरच्या लाकडी पट्टीतल्या रबरी आवरणाच्या जुन्या तारा वाकवल्या की आवरण भुग्यासारखे गळते. त्या वायरिंगला ठिगळ लावण्यात पैसे घालवू नयेत, ते संपूर्ण बदलावे असे माझे स्पष्ट मत आहे.

चिऱ्याच्या भिंतीत खाचा मारून नव्याने पाईप पुरला असेल आणि वरच्या गिलाव्याला पाणी मारले जात असेल, तर ते पाणी पाईपमधून बोर्डाच्या पेटीत उतरते. मग आरसीसीबी चढत नाही, आणि भिंत सुकल्यावर आपोआप चढतो. भर पावसात गिलावा सुकायला फार वेळ लागतो, म्हणून खाच मारण्याचे काम शक्यतो पावसाआधी उरकावे. उघड्या छिद्रांत कुंभारमाशी मातीचे घर करते आणि बोर्डात मुंग्या व पाली शिरतात. बंद राहणाऱ्या घरात तर हे नक्कीच घडते.

थ्री फेजच्या घरात

काही दिवे डोळे दिपतील इतके प्रखर, तर काही अगदी मंद दिसले, पंखेही कुठे भरधाव आणि कुठे रेंगाळत असले, तर मुख्य न्यूट्रल सुटल्याचे ते लक्षण आहे. दोन फेजांमध्ये 400 व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि न्यूट्रल नसताना त्यातला मोठा वाटा एखाद्या खोलीवर येऊन टीव्ही, फ्रिज, एलईडी जळू शकतात. येथे तपासणी नको, मेन ताबडतोब पाडावा. दोष मीटरच्या पुढे असेल तर तो वायरमनचा, आणि मीटरपर्यंतच्या भागात असेल तर महावितरणचा.

वायरमनला बोलावताना

“दिवे लागत नाहीत” एवढेच फोनवर सांगितले तर तो सवडीने येतो. “तुम्ही ओटीच्या बोर्डात पंख्याची लाईन घातलीत, तेव्हापासून माजघराच्या बोर्डावर टेस्टर दोन्ही छिद्रांत पेटतो आणि बटणे बंद केली की डावीकडचा विझतो” असे सांगितले, तर तो कोणता जॉइंट उघडायचा हे ठरवूनच निघतो. सोबत कागदावरची नोंद आणि कामाआधी बोर्डांचे काढलेले फोटो असतील तर दाखवावेत. जुन्या घरात तारांच्या रंगांवर विसंबू नये. लाल म्हणजे फेज, काळा म्हणजे न्यूट्रल आणि हिरवा म्हणजे अर्थिंग हा संकेत सगळ्यांनीच पाळलेला असतो असे नाही.

दुरुस्तीनंतर तो निघण्याआधी त्याच्यासमोर घरातले प्रत्येक बटण दाबून पाहावे, केवळ बंद पडलेले नव्हे. आरसीसीबीचे टेस्ट बटण दाबून तो पडतो का ते पाहावे, मेन पाडून इन्व्हर्टरवर कोणते दिवे राहतात ते नोंदवावे आणि डीबीतल्या प्रत्येक एमसीबीखाली तो कोणत्या खोलीचा आहे याची चिठ्ठी त्याच्याकडूनच लावून घ्यावी. दिवे आणि पंखे अर्धा तास चालू ठेवून उघडलेल्या बोर्डांच्या झाकणावर बाहेरून हात ठेवावा. कोणताही बोर्ड गरम लागला, तर त्यातला स्क्रू बहुधा सैल आहे आणि तो त्याच वेळी आवळून घ्यावा. भिंतीतल्या खाचांवर गिलावा करायचा असेल, तर गवंड्याला एवढे सगळे झाल्यावर दुसऱ्या दिवशी बोलवावे.